झाडीतल्या हरणासाठी केवढा स्कोप?

पत्र

नमस्कार. मी मूळचा साताऱ्याचा, सध्या पिट्सबर्गजवळ राहतो. ग्रीन कार्ड मिळाल्यावर शिकारीचा परवाना काढला. थँक्सगिव्हिंगनंतर हरणांचा हंगाम सुरू झाला की शेजाऱ्यांबरोबर पेनसिल्व्हेनियातल्याच पॉटर काउंटीतल्या त्यांच्या कॅम्पवर जातो. माझी रायफल वापरलेली रेमिंग्टन ७६०० आहे, .३०-०६ काडतुसाची. आधीच्या मालकाने तिच्यावर ४-१६×५० चा भलामोठा स्कोप, म्हणजे नेम धरायची दुर्बीण, बसवला होता (४ ते १६ पट मोठं दाखवणारा, पुढचं भिंग ५० मिलिमीटरचं). मागच्या हंगामात लॉरेलच्या झाडीतून एक नर माझ्यापासून चाळीसेक पावलांवरून गेला. स्कोपला डोळा लावला तर नुसते तपकिरी केस दिसले. तोंड कुठे, खांदा कुठे, हे कळेपर्यंत तो निघून गेला. मी बार काढला नाही. शिवाय दिवसभर चढउतार करून ते धूड वागवताना खांदा भरून येतो. आता हलका, कमी पटीचा, पण टिकाऊ स्कोप हवा आहे. दुकानदार १-६ घ्या म्हणतो. शेजारचे आजोबा म्हणतात, हलकं ते टिकत नाही. बसवण्याच्या सामानासकट ४०० डॉलरच्या आसपास खर्च करू शकतो. आणखी दोन प्रश्न. जुना स्कोप साताऱ्याच्या मावसभावाला नेऊन द्यावा का? आणि एच-१बी व्हिसावर असलेल्या मित्रालाही यायचं आहे, त्याला रायफल हातात घेता येते का?

उत्तर

नमस्कार,

नर हातचा गेला तरी तुम्ही चाप ओढला नाहीत, हे पत्रात मला सगळ्यात आवडलं. खांदा दिसत नसताना बार काढणारे पुष्कळ असतात. मग जखमी जनावराच्या रक्ताचा माग काढत हेमलॉकच्या सूचिपर्णी, गर्द रानात रात्र जाते आणि कधी कधी ते सापडतही नाही. म्हणून स्कोपकडून दोनच गोष्टी मागा. जनावर नजरेस पडल्यापासून त्याच्या खांद्यामागची जागा दिसेपर्यंत क्षणभरच जावा आणि गोळी त्याच जागी जाईल याची खात्री असावी. बाकीच्या गोष्टी यांच्यानंतर.

आधी ते केस का दिसले ते पाहू. तुमचा स्कोप बहुधा आठेक पटीवर राहिला असावा. आठ पटीला अशा स्कोपमधून १०० यार्डांवर साधारण १३ फूट रुंदीचं रान दिसतं. चाळीस पावलं म्हणजे ३५ यार्ड धरले, तर त्या अंतरावर ही रुंदी साडेचार फुटांवर येते. अंगाने भरलेलं व्हाइटटेल हरीण नाकापासून शेपटीपर्यंत तेवढं किंवा त्याहूनही लांब असतं. तेव्हा स्कोपमध्ये तुम्हाला हरीण दिसलं नाही, हरणाचा तुकडा दिसला. दीड पटीला १०० यार्डांवर ७० फुटांच्या आसपास रान दिसतं, म्हणजे तुमच्या अंतरावर सुमारे २५ फूट. त्यात अख्खं हरीण येतं, ते पुढे ज्या फटीतून निघणार ती फट येते आणि त्याच्यामागे कोणी माणूस आहे का, तेही दिसतं. पेनसिल्व्हेनियात रायफलच्या हंगामात डोक्यावर, छातीवर आणि पाठीवर मिळून २५० चौरस इंच झगझगीत नारंगी कापड सक्तीचं आहे ते याचसाठी. पण नारंगी रंग नजरेच्या टप्प्यात आला तरच दिसणार ना!

म्हणून खालची पट १ ते २ च्या दरम्यान हवी. वरची ४ किंवा ५ असली की पुष्कळ झालं. हरणाच्या काळीज-फुफ्फुसांची जागा साधारण आठ इंच धरतात. चार पटीला २०० यार्डांवर ती व्यवस्थित दिसते आणि पॉटर काउंटीच्या झाडीत २०० यार्ड मोकळं दिसेल अशा जागा शोधाव्या लागतात. या भागातल्या जुन्या लोकांनी कायम एकाच पटीच्या, अडीच किंवा चारच्या स्कोपवर आयुष्यभर हरणं मारली आहेत.

आता आजोबांचं म्हणणं. त्यांच्या तरुणपणी टेक्ससमधल्या एल पासोत बनणारे, पोलादी नळीचे वीव्हर स्कोप सगळ्यांच्या रायफलींवर असत. ते जड होते आणि मजबूतही होते, त्यामुळे जड म्हणजे मजबूत हे त्या पिढीच्या मनात पक्कं बसलं. पण बार उडतो त्या क्षणी काय घडतं ते बघा. आठ पौंडांची .३०-०६ रायफल सेकंदाला जवळपास ४ मीटर वेगाने मागे येते आणि हा वेग तिला दोनेक मिलिसेकंदांत मिळतो. रायफल मागे येते, स्कोप मात्र जागीच राहू पाहतो आणि त्याला सोबत ओढून आणायचं सगळं काम चार-सहा बारीक स्क्रूंवर आणि स्कोप धरणाऱ्या दोन रिंगांवर पडतं. ढोबळ हिशेब मांडला, तर २७० ग्रॅमच्या स्कोपसाठी त्या क्षणी ५५ किलोच्या आसपास जोर लागतो. तुमचा सध्याचा स्कोप ६५० ग्रॅमचा धरला, तर १३० किलो. प्रत्येक बाराला एवढा! जड स्कोप स्वतः कितीही भक्कम असो, तो आपल्याच वजनाने रिंगांमधून सरकायला बघतो. रायफल खडकावर आपटली तरी तेच. जास्त वजन आणि नळीपुढे आलेलं ५० मिलिमीटरचं तोंड म्हणजे तरफ लांब, आणि धक्का सगळा जोडांवर.

स्कोपच्या पोटातही हीच गोष्ट. बाहेरच्या नळीत आणखी एक बारीक नळी असते, तिला इरेक्टर म्हणतात. वरची आणि बाजूची फिरकी तिला एका अंगाने दाबतात, समोरून स्प्रिंग तिला उलट दाबते. झिरो, म्हणजे नेम आणि गोळी जुळवून ठेवलेली जागा, टिकतो किंवा हलतो तो इथे. पटीचा पल्ला जितका लांब, तितकी आत सरकणारी भिंगं आणि खाचा जास्त, आणि सैल पडायला जागाही जास्त. दीड-चारच्या स्कोपमध्ये हे सगळं आटोपशीर असतं. कायम एकाच पटीच्या स्कोपमध्ये तर पट बदलायची यंत्रणाच नसते. म्हणून आजोबांना माझा नमस्कार सांगा आणि एवढंही सांगा की स्कोप आकाराने लहान आणि आतून साधा असेल, तर हलकेपणा आणि टिकाऊपणा एकाच कारणाने येतात. मात्र हलका दिसला की घ्या, असंही मी म्हणत नाही. स्वस्तातल्या स्कोपची स्प्रिंग लेचीपेची असली, तर तो कितीही हलका असला तरी दगा देतो.

दुकानदाराचा १-६ मी तुमच्यासाठी घेणार नाही. हा प्रकार वाईट आहे असं नव्हे. एक पटीला दोन्ही डोळे उघडे ठेवून नेम धरण्यात खरंच सुख आहे. युरोपात हाकारून उठवलेल्या पळत्या रानडुकरांवर लोक असलेच स्कोप वापरतात. पण यातले बहुतेक ३० मिलिमीटर नळीचे, १६ ते २२ औंसांचे असतात आणि त्यावर माउंटचं, म्हणजे स्कोप बसवण्याच्या सामानाचं, वजन निराळं. साडेसात पौंडांच्या रायफलवर पुन्हा दीड पौंड चढवलात, तर खांद्याचं गाऱ्हाणं जसंच्या तसं राहील. आणि ४०० डॉलरमध्ये सहापटीचा पल्ला, नेमाची खूण उजळणारा दिवा आणि पक्की यंत्रणा या तिन्ही गोष्टी सहसा मिळत नाहीत. कुठेतरी हात आखडता घेतलेला असतो आणि तो नेमका आतल्या नळीत असतो, जिथे तुम्हाला पाहता येत नाही.

मी काय घेईन? तुमच्या जागी असतो तर लुपोल्डचा व्हीएक्स-फ्रीडम १.५-४×२० घेतला असता. एक इंची सरळ नळी, वजन दहा औंसांच्या आत, म्हणजे २८० ग्रॅमपेक्षा कमी. तुमच्या रकमेत बसतो आणि रिंगांना आणि त्यांच्याखालच्या बेसलाही पैसे उरतात. ही ओरेगनची कंपनी १९०७ ची. स्कोपमध्ये नायट्रोजन भरून आतलं धुकं थांबवण्याचं काम अमेरिकेत आधी करणाऱ्यांत तिचं नाव येतं. ओरेगनच्या पावसाळी रानातली ती गरजच होती. पॉटर काउंटीतल्या ओल्या बर्फात तुम्हालाही तिचा उपयोग आहे. हमी आजीवन आणि वापरलेला घेतला तरी लागू. पण हमी बघून स्कोप घेऊ नका. शनिवारी सकाळी हंगामाच्या पहिल्याच दिवशी काच आतून धुरकटली, तर हमीपत्र कॅम्पवर काय कामाचं?

जुन्या सामानात हात घालायची तयारी असेल, तर याच कंपनीचा एफएक्स-२ अल्ट्रालाइट २.५×२० शोधा. कायम अडीच पटीचा, वजन साडेसहा औंस. रानात चालून शिकार करणाऱ्यांसाठी याहून नेटका स्कोप माझ्या पाहण्यात नाही. वापरलेला स्कोप घेताना एक परीक्षा करा. रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा आणि सकाळी खोलीत आणा. बाहेरच्या काचेवर दव धरेल, ते पुसलं की गेलं पाहिजे. आत धुकं राहिलं, तर सील गेलेलं आहे. तो परत करा.

पैसे वाढवता आले तर ट्रायजिकॉनचा ॲक्युपॉइंट १-४×२४ पाहा. वजन चौदाएक औंस, पण मधला ठिपका बॅटरीशिवाय उजळतो, दिवसा उजेड गोळा करणाऱ्या फायबरने आणि अंधारात ट्रिटियम या किरणोत्सारी वायूने. ट्रिटियमचं अर्धं आयुष्य बारा वर्षांच्या थोडं वर असतं, म्हणून फार जुना मिळाला तर ठिपका मंद असणार हे धरून चला.

रेटिकलबद्दल, म्हणजे स्कोपमधल्या नेमाच्या रेषांबद्दल, मात्र हट्ट धरा. हेमलॉकच्या सावलीत, ढगाळ नोव्हेंबरात, बारीक रेषांचं जाळं काळ्या खोडांवर विरघळून जातं. बाहेरून जाड आणि मध्याजवळ बारीक होणाऱ्या रेषा, ज्याला डुप्लेक्स म्हणतात, त्या घ्या. जाड रेषाच नजरेला मध्याकडे नेतात. अंतराच्या खुणा, आकडे, ख्रिसमसच्या झाडासारखी नक्षी यातलं काहीही तुम्हाला लागणार नाही.

तुम्ही विचारलं नाही, पण एवढ्याशा २० मिलिमीटरच्या तोंडातून उजेड पुरेल का, ही शंका येईलच. भिंगाचा व्यास भागिले पट, एवढा रुंद उजेडाचा झोत डोळ्यात शिरतो. २० ला अडीचने भागलं की ८ मिलिमीटर. तरुण माणसाची बाहुली अंधारात सातेक मिलिमीटर उघडते, चाळिशी-पन्नाशीनंतर त्याहून कमी. म्हणजे अडीच पटीला डोळा घेऊ शकतो त्याहून जास्तच उजेड मिळतो. चार पटीलाही ५ मिलिमीटर राहतात. तुमचा ५० मिलिमीटरचा स्कोप १६ पटीला ३ च देतो. पेनसिल्व्हेनियात हरणावर बार काढायची मुभा सूर्योदयाआधी अर्ध्या तासापासून सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापर्यंत असते. रानात तेवढ्याला लहान स्कोप पुरतो. मात्र संध्याकाळी मक्याच्या शेताच्या कडेला बसून लांबवर पाहायचं असेल, तर तिथे २-७×३३ सरस. अकरा औंसांच्या आसपास वजन आहे, तोही हलकाच. तुम्ही झाडीत फिरणारे आहात असं पत्रावरून दिसतं, म्हणून मी लहानाकडे झुकलो.

उरलेले पैसे बसवण्यावर घाला. झिरो हलला की लोक स्कोपला शिव्या देतात आणि निम्म्या वेळा दोष सैल स्क्रूचा निघतो. पेनसिल्व्हेनियात जुन्या रायफलींवर एक प्रकार फार दिसतो. रिंगांच्या खाली भोक, त्यातून रायफलवरची नेमाची साधी माशी-खाच दिसावी आणि वरून स्कोप, असले उंच माउंट. ते घेऊ नका. गाल दस्त्यावरून उचलावा लागतो आणि घाईच्या वेळी डोळा भिंगामागे येतच नाही. सरळ नळीच्या स्कोपचा मोठा फायदाच हा की तो बुटक्या रिंगांत रायफलला जवळजवळ टेकून बसतो. दस्त्यावर गाल टेकला की डोळा आपसूक जागेवर. ॲल्युमिनियमचे, बेस आणि खालची रिंग एकाच तुकड्यात असलेले माउंट मिळतात. ते हलके असतात आणि त्यांच्यात एक जोड कमी असतो.

बसवताना स्क्रू आणि त्यांची भोकं अल्कोहोलने पुसून तेल पूर्ण काढा. बेसच्या स्क्रूंना निळं लॉकटाइट एक थेंब. टॉर्क मोजणारा स्क्रूड्रायव्हर विकत किंवा उसना आणा आणि रिंग बनवणाऱ्याने सांगितलेल्या आकड्यावर थांबा. ॲल्युमिनियमच्या रिंगांच्या टोपीला तो बहुधा १५ ते १८ इंच-पौंड असतो. हाताच्या अंदाजाने आवळलं की एकतर सैल राहतं, नाहीतर नळी चेपते आणि आतली यंत्रणा अडकते. शेवटी प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावरून रिंगवर नेलपॉलिशची रेघ ओढा. रेघ तुटलेली दिसली की स्क्रू फिरला.

आणि हे सगळं घरात टी-शर्टवर करू नका. हंगामातलं जाड जाकीट घाला. डोळे मिटून रायफल खांद्याला लावा, मग डोळे उघडा. मान पुढे-मागे न करता पूर्ण गोल चित्र दिसलं पाहिजे. कडेला काळी सावली आली, तर स्कोप पुढे-मागे सरकवा. ही परीक्षा सर्वांत वरच्या पटीवरही करा, कारण पट वाढली की डोळ्याला लागणारं अंतर सहसा कमी होतं. भुवई आणि स्कोप यांत साडेतीन इंचांहून कमी अंतर ठेवू नका. .३०-०६ चा धक्का आणि चढावर धरलेली रायफल जुळून आली, की कपाळावर अर्धचंद्र उमटतो.

झिरो करताना २५ यार्डांपासून सुरुवात करा. फिरकीच्या पाव मिनिटाच्या (मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग) क्लिकला १०० यार्डांवर साधारण पाव इंच सरकतं, २५ यार्डांवर त्याचा चौथा हिस्सा. म्हणजे तिथे एक इंच सरकवायला १६ क्लिक लागतात. बरेच जण चारच देतात आणि स्कोप बिघडला म्हणतात. तिथे मध्यावर आल्यावर १०० यार्डांवर जा आणि हंगामात वापरणार त्याच काडतुसांनी दीड-दोन इंच वर ठेवा. नेहमीच्या १६५ ग्रेनच्या गोळीला मग २०० यार्डांपर्यंत खांद्यामागे नेम धरला की काही वरखाली करावं लागत नाही.

टिकाऊपणाची खरी परीक्षा इथेच करून घ्या. झिरो झाल्यावर फिरकी २० क्लिक वर, २० उजवीकडे, २० खाली, २० डावीकडे अशी फिरवा आणि दर थांब्यावर दोन बार काढा. कागदावर चौकोन उमटला पाहिजे आणि शेवटचे बार पहिल्याच जागी परत आले पाहिजेत. मग रायफल गाडीत घालून खडबडीत रस्त्यावरून घरी न्या आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा तीन बार काढा. जागा तीच, तर स्कोप तुमचा. हे ऑक्टोबरमध्येच उरका म्हणजे परत करायला वेळ राहील. गेम कमिशनच्या, म्हणजे राज्याच्या शिकार खात्याच्या, स्टेट गेम लँड्सवर सार्वजनिक रेंज आहेत आणि तुमचा शिकारीचा परवाना तिथे चालतो.

कॅम्पवर रात्री रायफल शेगडीजवळ आणू नका. बाहेरच्या थंडीतून ऊबेत आली की काचेवर पाणी धरतं आणि पहाटे पुन्हा थंडीत नेली की त्याचा बर्फ होतो. काडतुसं काढून, कुलपात, थंड जागीच राहू द्या.

मावसभावासाठी जुना स्कोप नेऊ नका. रायफलचे स्कोप अमेरिकेबाहेर नेण्यावर निर्यातीचे निर्बंध आहेत. सामानात टाकून नेण्याची ती वस्तू नाही. भारतात वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे छंदाची शिकार आता उरलेलीच नाही, त्यामुळे त्याला त्याचा तसा उपयोगही नाही. इथेच विका. लांब पल्ल्याच्या निशाणेबाजीला तो चांगला स्कोप आहे. आलेल्या पैशांत काडतुसं आणि टॉर्कचा स्क्रूड्रायव्हर दोन्ही येतील.

मित्राचा प्रश्न सगळ्यात गंभीर आहे. अमेरिकेच्या संघीय कायद्याने बिगर-स्थलांतरित व्हिसावरच्या माणसाला, म्हणजे एच-१बी वाल्यालाही, बंदूक किंवा काडतुसं जवळ बाळगायला मनाई आहे. रेंजवर उसनी रायफल हातात घेणंही त्यात येऊ शकतं. याला काही अपवाद आहेत आणि त्यातला एक, अमेरिकेतल्या एखाद्या राज्याने दिलेला चालू शिकारीचा परवाना जवळ असणं, हा आहे. म्हणून क्रम असा ठेवा: आधी त्याने शिकारीच्या सुरक्षिततेचा अभ्यासक्रम पुरा करावा, मग परवाना काढावा, मग इमिग्रेशनच्या वकिलाला एकदा विचारावं. तोवर तुमची रायफल त्याच्या हातात देऊ नका, फोटोपुरतीसुद्धा नाही. चूक झाली तर गुन्हा नोंदला जातो, आणि पुढे ग्रीन कार्डही अडतं. यंदा त्याला यायचंच असेल, तर नारंगी जाकीट घालून तुमच्याबरोबर नुसतं चालू दे.